वरच्या माणसाचं काय?

परवा रात्री झोप येत नव्हती म्हणून काहीबाही वाचत पडले होते, तेव्हा एक जुनं टाइप केलेलं टिपण समोर आलं. तारीख ९ ऑगस्ट १९७४. अमेरिकेतल्या वॉटरगेट प्रकरणाचे (विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी आणि ती दडपण्याचा खटाटोप) विशेष सरकारी वकील लिऑन जॉवर्स्की यांच्यासाठी त्यांच्या हाताखालच्या दोघा वकिलांनी ते तयार केलं होतं. रिचर्ड निक्सन यांचा राजीनामा लागू झाला तो हाच दिवस. सकाळपर्यंत जो माणूस राष्ट्राध्यक्ष होता, त्याच्यावर खटला भरायचा की नाही याचा हिशेब त्याच तारखेच्या कागदावर मांडलेला. भाषा कोरडी. आधी खटला का भरू नये याची कारणं, मग का भरावा याची.

का भरू नये? राजीनामा हीच पुरेशी शिक्षा झाली. महाभियोगाची चौकशी सोसून झाली. खटल्याने देशातली फूट आणखी वाढेल, आणि वेळ तर समेटाची आहे. शिवाय एवढा गाजावाजा झाल्यावर निःपक्षपाती ज्युरी आणायची कुठून? बरं, का भरावा? कायद्यापुढे सगळे सारखे, मग पद कोणतं का असेना. आणि आरोपांचा निकाल लागलाच नाही, तर उद्या लोक म्हणतील की याने गुन्हा वगैरे काही केला नव्हता, याचं राजकीय पाठबळ आटलं म्हणून याला घालवलं. आणि देशात फूट पडेल ती त्यामुळे. म्हणजे ‘फूट पडेल’ हे कारण दोन्हीकडे आहे. भरला तरी फूट, नाही भरला तरी फूट. वाचता वाचता मला हसू आलं, आणि मग त्या हसण्याचीच टोचणी लागली.

ओळखीचे एक गृहस्थ आहेत, सरकारी वकील म्हणून निवृत्त झालेले. ते टिपण मी त्यांना पाठवलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. “दोन्ही याद्या बरोबर आहेत,” ते म्हणाले, “म्हणूनच त्यांचा काही उपयोग नाही. अहो, पुरावा आहे का हे बघायला कायदा यावा लागतो. पुरावा असूनही खटला भरायचा का, हे ठरवायला काय यावं लागतं, ते मला नोकरी संपेपर्यंत कळलं नाही.” मग जरा थांबून म्हणाले, “आणि आमच्यासमोर किरकोळ माणसं असायची.”

खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या खुर्चीचं नाव देशोदेशी वेगळं असतं. कुठे अ‍ॅटर्नी जनरल, कुठे प्रॉसिक्यूटर जनरल. कुठे ती खुर्ची मंत्रिमंडळात असते, कुठे बाहेर. अडचण मात्र एकच. ज्या सरकारने नेमलं त्याच्या विरोधकाला आरोपी केलं तर सूड म्हणतात, आणि नाही केलं तर भ्याडपणा. जॉवर्स्की यांना यातला कुठलाच शिक्का बसला नाही, कारण निर्णय घ्यायची वेळच त्यांच्यावर आली नाही. ८ सप्टेंबरला, रविवारी सकाळी, नवे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी निक्सनना संपूर्ण माफी देऊन टाकली. खटला नाही, आरोपपत्र नाही, आधीच माफी. फोर्ड यांचे स्वतःचे प्रवक्ते त्याच दिवशी राजीनामा देऊन गेले. फोर्ड यांची लोकप्रियता धाडकन खाली आली आणि १९७६ ची निवडणूक ते हरले. पुढे २००१ मध्ये याच माफीसाठी त्यांना धैर्याचा पुरस्कार मिळाला, आणि तेव्हा टीका करणारे सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी आपण चुकलो होतो असं सांगितलं.

फोर्ड यांची एक गोष्ट मला फार आवडते आणि फार खटकतेही. १९१५ च्या एका न्यायनिवाड्यातला उतारा ते पाकिटात घालून हिंडायचे. माफी स्वीकारणं म्हणजे गुन्हा कबूल करण्यासारखंच आहे, अशा आशयाचा. कोणी विचारलं की कागद दाखवायचे. मला तो माणूस डोळ्यांसमोर दिसतो. सभ्य, थोडासा अवघडलेला, आपल्या निर्णयाला कागदाचा आधार शोधणारा. पण ज्याने कबुली द्यायची त्याच्या पाकिटात हा कागद नव्हता ना! निक्सन यांनी माफी स्वीकारताना काढलेल्या निवेदनात आपण अधिक ठामपणे आणि मोकळेपणाने वागायला हवं होतं, एवढीच चूक मान्य केली. आणि १९७७ च्या एका टीव्ही मुलाखतीत सांगून टाकलं की राष्ट्राध्यक्ष जेव्हा एखादी गोष्ट करतो तेव्हा ती बेकायदा नसते.

तरीही फोर्ड यांचं म्हणणं वाचताना मला पटायला लागतं. देश थकलेला आहे, महागाई आहे, युद्ध अजून धुमसतंय, रोज सकाळी तेच नाव वर्तमानपत्रात. पुरे आता, असं मलाही वाटलं असतं. त्या रात्री टिपणाच्या शेवटाला आले तेव्हा मनात पहिली गोष्ट आली ती हीच की बरं झालं, सुटला तो सरकारी वकील. मग आठवलं, बाकीचे सुटले नव्हते.

त्या माफीनंतर महिन्याभराच्या आत निक्सन यांच्या माणसांवरचा खटला सुरू झाला. १ जानेवारी १९७५ ला एच. आर. हॉल्डेमन, जॉन अर्लिकमन आणि जॉन मिचेल दोषी ठरले. यातले मिचेल कोण, तर याच निक्सन यांनी नेमलेले माजी अ‍ॅटर्नी जनरल. खटला कोणावर भरायचा हे ज्याने देशाच्या वतीने ठरवायचं, तोच माणूस १९ महिने तुरुंगात राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर हे काही संन्यासी नव्हते. त्यांनी जे केलं ते केलंच होतं. पण ज्याच्यासाठी केलं, ज्याच्या खोलीत बसून ठरवलं, तो समुद्रकाठच्या घरात आत्मचरित्र लिहीत होता. खटल्याने देश दुभंगेल ही काळजी फक्त त्याच्या बाबतीत का वाटली? मिचेल तुरुंगात गेल्याने देश दुभंगला नाही, कारण मिचेलच्या मागे देश नव्हता. म्हणजे ज्याच्यामागे जास्त माणसं, त्याच्यावर खटला भरणं जास्त धोक्याचं. हा हिशेब राजकारणात ठीक असेल. न्यायालयात तो कुठल्या तोंडाने मांडायचा?

हे असं मला का झोंबतं, त्याचं एक जुनं कारण आहे. फार वर्षांपूर्वी मी ज्या ठिकाणी नोकरीला होते तिथे एक चौकशी लागली. पैशांची अफरातफर होती. रक्कम देशाच्या मानाने हास्यास्पद म्हणावी इतकी. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंच्या सह्या कागदांवर होत्या. सांगणाऱ्याने तोंडी सांगितलं होतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं; चौकशी करणाऱ्यालाही असावं. बाई निलंबित झाल्या. टेबलाच्या काचेखाली त्यांनी मुलाचं वेळापत्रक सरकवून ठेवलं होतं, ते काढून न्यायलाही कोणी त्यांना आत सोडलं नाही. सांगणारे साहेब त्याच वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात एक वरिष्ठ म्हणाले की आता जुन्या गोष्टी उगाळून संस्थेचं नाव कशाला खराब करायचं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या असतील. सगळेच वाजवत होते. त्यामुळे ‘जुन्या गोष्टी उगाळू नका’ हे वाक्य मोठ्या माणसांच्या तोंडून, मोठ्या शब्दांत, राष्ट्राच्या नावाने ऐकलं की मला ते काचेखालचं वेळापत्रक आठवतं.

पण म्हणून उठून कोणालाही पकडलं की झालं, असंही नाही. आपल्याकडचं १९७७ आठवून बघा. आणीबाणीत एक लाखाहून जास्त माणसं स्थानबद्ध केली गेली. वृत्तपत्रं गप्प केली गेली, सक्तीच्या नसबंद्या झाल्या. आणि ३ ऑक्टोबरला इंदिरा गांधींना अटक झाली ती कशासाठी? निवडणूक प्रचारासाठी मिळवलेल्या जीपगाड्या आणि एका फ्रेंच तेल कंपनीला दिलेलं कंत्राट. गृहमंत्री चरणसिंग यांचा आग्रह होता. अटकेला आलेल्यांना बाईंनी हातकड्या कुठे आहेत असं विचारलं. दिल्लीबाहेर नेताना रेल्वेचं फाटक बंद होतं म्हणून गाड्या थांबल्या, तर त्या उतरून सरळ रस्त्यालगतच्या मोरीवर जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी दंडाधिकाऱ्यांनी पुराव्याअभावी बिनशर्त सोडून दिलं. डोंगर पोखरून उंदीर काढायचा, आणि तोही हातातून निसटलेला! सव्वादोन वर्षांत, जानेवारी १९८० मध्ये, त्या पुन्हा पंतप्रधान झाल्या, आणि आणीबाणीतल्या कृत्यांचा हिशेब मागायला उभारलेली विशेष न्यायालयं त्यापुढे फार टिकली नाहीत.

त्या जीपगाड्यांचा मला राग येतो. अन्याय केवढा आणि आरोप केवढा! ज्याने लाखभर घरांतली माणसं उचलून नेली, त्याला वाहनांचा हिशेब विचारायचा. असं का होतं हेही कळतं. मोठ्या अन्यायात सही नसते, किंवा असते ती कायदेशीर असते. लहान गैरव्यवहाराचा मात्र कागद सापडतो. सरकारी वकील कागदाच्या मागे जातो. आणि लोक बघतात ते असं, की एवढं सगळं उकरून शेवटी यांना जीपगाड्याच मिळाल्या.

रॉबर्ट जॅक्सन अमेरिकेचे अ‍ॅटर्नी जनरल असताना, १ एप्रिल १९४० ला, त्यांनी देशभरातल्या आपल्या सरकारी वकिलांसमोर एक भाषण केलं होतं. या व्यवसायातली माणसं त्याचा अजून दाखला देतात. त्यांचा इशारा असा की सरकारी वकिलाच्या हातातला सर्वांत मोठा धोका म्हणजे त्याला माणूस निवडता येतो. गुन्हा समोर आला आणि तो कोणी केला हे शोधलं, हे ठीक. पण आधी माणूस निवडायचा आणि मग कायद्याची पुस्तकं चाळून त्याच्यावर काहीतरी बसवायचं, तिथे सगळं नासतं. पाचच वर्षांनी हेच जॅक्सन न्यूरेंबर्गला पराभूत नाझी राजवटीच्या म्होरक्यांविरुद्ध उभे होते, आणि तिथे तर माणसं आधीच निवडलेली होती. त्यामुळे ते भाषण मला सोयीस्कर उपदेशासारखं वाटत नाही. माजी नेत्याच्या बाबतीत माणूस आधीच दिसत असतो, गुन्हा नंतर. त्याच्याकडे बघायचंच नाही म्हटलं तरी ते जमत नाही.

दक्षिण कोरियाने या बाबतीत सगळंच करून बघितलं आहे, त्यामुळे तिथे मी पुन्हा पुन्हा जाते, अर्थात कागदावरच. १९९६ चा एक फोटो आहे. चुन डू-ह्वान आणि रो ते-वू, दोघेही माजी राष्ट्राध्यक्ष, लष्करी अकादमीतले वर्गमित्र, कैद्यांच्या कपड्यांत न्यायालयात उभे आहेत. आणि दोघांनी एकमेकांचा हात धरला आहे. शाळेतून बाहेर काढलेल्या दोन पोरांनी धरावा तसा. मला त्या क्षणी त्यांची कीव येते, आणि लगेच स्वतःचा संताप येतो. १९८० च्या मे महिन्यात क्वांगजू शहरात ज्यांच्यावर सैन्य सोडलं, त्यांच्या आया हा फोटो बघताना काय बघत असतील?

पण फोटोपेक्षा मला त्याच्या आदल्या वर्षाची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. जुलै १९९५ मध्ये कोरियाच्या सरकारी वकिलांनी जाहीर केलं होतं की क्वांगजूच्या बाबतीत खटला भरता येत नाही. त्यांच्या युक्तिवादाचा सारांश असा, की यशस्वी झालेल्या लष्करी उठावाला (चुनने सत्ता घेतली ती अशाच उठावाने) शिक्षा करता येत नाही. उठाव फसला तर देशद्रोह. जमला तर नवी घटनात्मक व्यवस्था, आणि तिच्या जनकावर खटला कसा भरणार? इतका थंड, इतका तर्कशुद्ध युक्तिवाद मी दुसरा वाचलेला नाही. मग ऑक्टोबरात रो यांच्या गुप्त निधीचा बोभाटा झाला. पुन्हा कागद सापडला, पुन्हा पैसाच. लोक रस्त्यावर आले, डिसेंबरात संसदेने विशेष कायदा केला, आणि काही महिन्यांपूर्वी हात वर केलेल्या त्याच यंत्रणेने दोघांनाही न्यायालयात उभं केलं. चुनला फाशी, रोला साडेबावीस वर्षं. अपिलात ते जन्मठेप आणि १७ वर्षांवर आलं. एप्रिल १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं, आणि यशस्वी उठावालाही शिक्षा होते हे त्या देशात लिहिलं गेलं.

डिसेंबर १९९७ मध्ये दोघांनाही माफी मिळाली. मावळते राष्ट्राध्यक्ष किम यंग-साम यांनी ती दिली, नुकतेच निवडून आलेले किम दे-जुंग यांच्या संमतीने. हे दुसरे किम म्हणजे ज्यांना १९८० मध्ये चुनच्याच राजवटीने फाशी सुनावली होती. ही माफी मला फोर्डच्या माफीपेक्षा वेगळी वाटते. इथे निकालपत्र होतं, गुन्ह्याचं नाव होतं, किती पैसे परत करायचे तो आकडा होता. माफ काय केलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. चुन सुधारला मात्र अजिबात नाही. सुंभ जळला तरी पीळ तसाच. २००३ मध्ये त्याने न्यायालयाला सांगितलं की आपल्याकडे मालमत्ता म्हणून २ लाख ९० हजार वॉन आहेत, म्हणजे अगदी किरकोळ रक्कम. डोक्यावर दंडाची थकबाकी अब्जावधींची. २०२१ मध्ये तो मेला, क्वांगजूची माफी न मागता. दोन वर्षांनी त्याचा नातू तिथे जाऊन गुडघे टेकून आला.

इथपर्यंत सगळं माझ्या बाजूचं आहे. पण कोरियातच रो मू-ह्युन आहेत. हे वेगळे रो. गरीब घरातून आलेले, मानवी हक्कांसाठी लढलेले वकील, २००३ ते २००८ राष्ट्राध्यक्ष. पायउतार झाल्यावर आपल्या गावी जाऊन राहिले. वर्षभरात चौकशी लागली, एका उद्योजकाकडून कुटुंबाने पैसे घेतल्याची. आरोप अगदीच हवेतला नव्हता. पत्नीने पैसे घेतल्याचं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. पण चौकशी ज्या रीतीने चालली ती बघा. रोज काहीतरी फुटायचं, महागड्या घड्याळांच्या बातम्या यायच्या, घरासमोर कॅमेऱ्यांची रांग. निदान आमच्या अंगणात वावरायचं स्वातंत्र्य तरी द्या, अशी विनंती या माणसाने पत्रकारांना लिहून केली. २३ मे २००९ च्या पहाटे घरामागच्या कड्यावरून त्यांनी उडी मारली. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत होतं, कोणाला दोष देऊ नका. प्रॉसिक्यूटर जनरलने पुढच्याच महिन्यात राजीनामा दिला. त्याला नेमलं होतं खुद्द रो मू-ह्युन यांनी.

यावर माझ्याकडे उत्तर नाही.

खटला भरायलाच हवा, असं मी ताडकन म्हणते तेव्हा हा माणूस आड येतो. त्याच्या बाबतीत सरकारी वकिलाचं काय चुकलं? चौकशी करणं चुकलं, असं मला अजूनही म्हणवत नाही. चौकशीचा तमाशा करणं चुकलं. न्यायालयात सिद्ध करायच्या गोष्टी आधी बातम्यांत सिद्ध करून टाकल्या. निवृत्त वकीलसाहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “तमाशा टाळता आला असता असं तुम्हाला वाटतं, कारण तुम्ही तिथे नव्हता. माजी राष्ट्राध्यक्ष चौकशीला येतो म्हटल्यावर तो दाराशी उतरतो, तिथपासूनच तमाशा सुरू होतो.”

अर्जेंटिनात तमाशा झाला नाही. १९८५ मध्ये, माणसं नाहीशी करणाऱ्या लष्करी राजवटीच्या नऊ म्होरक्यांवर खटला चालला, तेव्हा सरकारी वकील होते हुलिओ स्ट्रासेरा. हे काही निर्भय क्रांतिकारक नव्हते; हुकूमशाहीच्या काळातही ते न्यायव्यवस्थेत नोकरीला होते, आणि त्याबद्दल लोक त्यांना नंतर ऐकवतही. अनुभवी मंडळी हात झटकून मोकळी झाली म्हणून त्यांनी पोरासोरांचा चमू जमवला. सातशेहून अधिक प्रकरणं मांडली, आठशेच्या वर साक्षीदार आले. दाराआडच्या गोष्टी फोडण्यापेक्षा माणसांनाच समोर उभं करून बोलतं केलं. त्यांचे सहकारी लुईस मोरेनो ओकाम्पो यांच्या आईचा मुलाच्या या उद्योगाला विरोध होता. घराणं लष्करी, आणि हुकूमशहा व्हिडेला ज्या चर्चमध्ये जायचा तिथेच त्याही जायच्या. एका बाईची साक्ष त्यांच्या वाचनात आली. पोलिसांच्या गाडीत, डोळे बांधलेल्या अवस्थेत जिला बाळंत व्हावं लागलं तिची. मग आईने मुलाला सांगितलं की व्हिडेलाबद्दल मला अजूनही माया वाटते, पण तुझं बरोबर आहे, त्याने तुरुंगात जायला हवं. मला या खटल्यातलं हे सर्वांत मोठं यश वाटतं. माया गेली नाही, तरी पटलं. देश दुभंगेल म्हणून घाबरणाऱ्यांनी या बाईंचा विचार करायला हवा.

पुढे मात्र तिथेही पाय मागे पडलेच. १९८७ मध्ये कायदा झाला की कनिष्ठांनी वरच्यांचा हुकूम पाळला, म्हणून त्यांना दोष नाही. आणि १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष मेनेम यांनी वरच्यांनाही माफी देऊन टाकली. खालचा सुटला कारण हुकूम वरून आला. वरचा सुटला कारण देशाला शांतता हवी. मग ती माणसं नाहीशी केली कोणी? तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवायला २००५ उजाडलं. व्हिडेला २०१३ मध्ये तुरुंगातच वारला.

अमेरिकेत पुन्हा तोच प्रश्न आला, तेव्हा खुर्चीवर मेरिक गार्लंड होते. मार्च २०२१ मध्ये अ‍ॅटर्नी जनरल झाले. आधी न्यायाधीश, त्याआधी ओक्लाहोमा सिटी बॉम्बस्फोटाचा तपास हाताळलेले, काळजीपूर्वक चालणारे गृहस्थ. ट्रम्प समर्थकांनी ६ जानेवारीला संसदेवर केलेला हल्ला नुकताच होऊन गेला होता. त्यांनी पाठ्यपुस्तकात सांगतात तसं खालून वर जायचं ठरवलं. आधी खिडक्या फोडणारे, मग कट रचणारे, मग पुरावा नेईल तिथवर. जानेवारी २०२२ च्या भाषणात म्हणाले की कोणत्याही पातळीवरचा दोषी असो, त्याला जबाबदार धरू. मला तेव्हा ते फार आवडले होते. गाजावाजा नाही, गळती नाही, रो मू-ह्युन यांच्या बाबतीत जे झालं त्याच्या अगदी उलट. फक्त एक गोष्ट मागे पडत गेली, ती म्हणजे दिनदर्शिका. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्रम्प यांनी उमेदवारी जाहीर केली, आणि तीनच दिवसांनी विशेष सरकारी वकील जॅक स्मिथ यांची नेमणूक झाली. निवडणूक उलटवण्याच्या प्रयत्नाचं आरोपपत्र ऑगस्ट २०२३ मध्ये आलं. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अधिकृत कृत्यांसाठी माजी राष्ट्राध्यक्षाला मोठं संरक्षण आहे. निक्सन मुलाखतीत जे बोलले होते त्याच्या बऱ्याच जवळ जाणारं. नोव्हेंबरात ट्रम्प निवडून आले आणि तो खटला ज्युरीसमोर न जाताच मागे घेतला गेला. निकालापर्यंत पोचला तो एकच फौजदारी खटला, न्यूयॉर्कमधला, हिशेबाच्या नोंदी खोट्या केल्याचा. तोही केंद्राचा नव्हे, स्थानिक सरकारी वकिलाचा. मला पुन्हा त्या जीपगाड्या आठवल्या.

आणि २० जानेवारी २०२५ ला, शपथ घेतली त्याच दिवशी, ट्रम्प यांनी ६ जानेवारीच्या सुमारे १५०० आरोपींना माफी दिली, १४ जणांची शिक्षा कमी केली. निक्सन यांनी आपल्या माणसांना तुरुंगात जाऊ दिलं होतं. इथे वरचाही सुटला, खालचेही सुटले. उरले ते फक्त त्या दिवशी दारात उभे राहून मार खाल्लेले पोलीस. म्हणून माझा गार्लंड यांच्यावरचा राग थोडा दुःखाचा आहे. त्यांनी घाई केली असती तर मीच सूड म्हणाले असते, हे मला माहीत आहे. पण थांबणं हासुद्धा एक निर्णयच असतो, आणि त्याची जबाबदारी कोणाच्या नावावर लिहिली जात नाही.

वकीलसाहेबांशी हे सगळं बोलून झालं तेव्हा ते म्हणाले, “बरं, तुमचा तो निःस्पृह सरकारी वकील धरून चालू. उद्या तोच निवडणुकीला उभा राहिला तर?” आणि मला कळलं ते कोणाबद्दल बोलतायत. दक्षिण कोरियाचे युन सुक-योल. माजी राष्ट्राध्यक्ष पार्क गुन-हे यांना तुरुंगात पाठवणाऱ्या तपासात पुढे असलेले, त्यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष ली म्युंग-बाक यांच्यावरच्या खटल्याच्या वेळी सोलच्या सरकारी वकिलांचे प्रमुख, २०१९ मध्ये प्रॉसिक्यूटर जनरल. त्या कीर्तीवर २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. निवडून आल्यावर पार्कबाईंना भेटून मागच्या गोष्टींबद्दल दिलगिरी व्यक्त करून आले; त्याच वर्षाअखेर ली यांना माफीही दिली. आणि ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, जाहीर केला. “म्हणजे ते खटले राजकारणच होतं,” वकीलसाहेब म्हणाले, “माणसाने स्वतःच सांगितलं की.”

त्या माणसाच्या बाबतीत असेलही, मी म्हटलं. सरकारी वकिलाने त्या खुर्चीवरून उठून थेट निवडणुकीत जाऊ नये, निदान काही वर्षं तरी. एवढं मी आता ठामपणे म्हणेन. पण त्या रात्रीचं पुढचं बघा. सैनिक संसदेत घुसले, आणि तरी काही तासांत सगळं ओसरलं. ४ एप्रिल २०२५ ला घटनात्मक न्यायालयाने युन यांना पदावरून काढताना एक गोष्ट निकालात नमूद केली, की संसदेला मार्शल लॉ उठवण्याचा ठराव लवकर करता आला तो नागरिकांच्या विरोधामुळे, आणि सैनिक-पोलिसांनी हुकूम अर्धवट मनाने पाळल्यामुळे. हातात बंदूक, कानात वरून आलेला हुकूम, आणि पाय रेंगाळतायत. त्यातल्या एकेकाच्या मनात काय होतं ते मला माहीत असण्याचं कारण नाही. पण ती मुलं ज्या देशात वाढली तिथे हुकूम देणारा न्यायालयात उभा राहिलेला सगळ्यांनी बघितला होता, आणि हुकूम यशस्वी झाला म्हणून तो कायदेशीर होत नाही हे १९९७ पासून लिहून ठेवलेलं होतं.

वकीलसाहेबांना हे मान्य नाही. सैनिक घाबरले असतील, थकले असतील, किंवा त्यांना नीट सांगितलंच गेलं नसेल, असं त्यांचं म्हणणं. शक्य आहे. काही दिवसांनी युन यांच्यावर बंडाचा खटला सुरू झाला, तो सोलच्या ४१७ क्रमांकाच्या दालनात, जिथे चुन आणि रो उभे होते तिथेच. मी ती बातमी त्यांना पाठवली. त्यांचं उत्तर आलं, “आता हा खटला चालवणाऱ्यावर लक्ष ठेवा.”